सपाट पडद्यावरची वाकडी रेघ

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

लांबूनच पाया पडते. वाकून पडले आहे असं समज.

तू दिलेला टीव्ही गेला. म्हणजे चालू होतो, आवाजही खणखणीत आहे, पण मध्यभागी धुरकट डाग पडलाय आणि माणसांची तोंडं वेडीवाकडी दिसतात. आई म्हणते, बातम्या देणाऱ्या बाईला नाकच नाही. कानातले दिसतात, मागचा नकाशा दिसतो, नाकाच्या जागी मात्र कुणी ओलं बोट फिरवल्यासारखं. तू स्वतःच्या हाताने जोडलेला, कपाटाएवढा खोल, नळीचा टीव्ही सतरा वर्षं चालला. त्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. पण आई रोज संध्याकाळी हातातलं रफूचं काम बाजूला ठेवते, दहा मिनिटं टीव्हीकडे बघते आणि चुकचुकत उठून जाते.

तेव्हा आता सपाट टीव्ही घ्यायचं ठरलंय. मी दुकानात जाऊन आले. एका भिंतीवर चाळीस टीव्ही आणि चाळीसांवर तोच एक पोपट उडतोय. विक्रेत्याच्या बोलण्याला पूर्णविराम नव्हता. जेवढा मोठा तेवढा चांगला, एवढंच मला त्यातून कळलं. मी म्हटलं, मामाला विचारते, त्याने जन्मभर टीव्ही दुरुस्त केलेत. तो म्हणाला, मग लावा की फोन. आता त्याला काय सांगू, मामाला ऐकू येत नाही, आणि मोबाईल तो घेत नाही, कारण चार स्क्रू काढून जी वस्तू उघडता येत नाही ती घरात ठेवायची नाही असा त्याचा नियम आहे.

पत्र जायला चार-पाच दिवस, यायला चार-पाच दिवस. तोवर पोपट उडू दे. आईचा नमस्कार.

तुझी टिटवी

९ फेब्रुवारी

टिटवे,

आशीर्वाद. तुझ्या पत्रात तीन भाग बडबड आणि एक भाग माहिती असते. या वेळी प्रमाण थोडं सुधारलं आहे.

टीव्हीचं वाईट वाटून घेऊ नका. नळी म्हातारी झाली की चित्राला डाग पडतात आणि रेघा वाकतात. जवळ मोठा स्पीकर ठेवला तरी असं होतं. पण सतरा वर्षांनी कारण शोधत बसण्यात अर्थ नाही.

आता नीट वाच. तुझ्या आईची, म्हणजे आमच्या धाकटीची, खुर्ची आणि भिंत यांतलं अंतर मोज. सात फूट असेल तर त्रेचाळीस इंची पुरे, त्याहून मोठा घेतलात तर टेनिस बघितल्यासारखी मान फिरवावी लागेल. तुमच्या खोलीत ती रफूच्या टेबलाशी, म्हणजे बाजूला बसते. तेव्हा दुकानात समोर उभी राहून भुलू नकोस, बाजूला जाऊन बघ. काही पडदे बाजूने फिके पडतात, ते नकोत. पोपट बंद करायला सांग. दुकानदार रंग भडक करून ठेवतात, त्यात सगळेच टीव्ही राजबिंडे दिसतात. बातम्या लावायला सांग आणि माणसाच्या कातडीचा रंग बघ. चेहरा माणसासारखा दिसला तर टीव्ही चांगला. घरी आणताना खोका उभाच ठेवायचा, आडवा झोपवायचा नाही. टीव्ही डोळ्याच्या पातळीवर लावायचा, देवळाच्या घंटेसारखा वर टांगायचा नाही. मागे चार बोटं हवा, समोर खिडकी नको.

डोळ्यांत तेल घालून निवड. घाई करू नकोस.

एक विचारायचं होतं. धाकटी तुझ्या पत्राखाली नेहमी दोन ओळी स्वतः खरडते. मागच्या तीन पत्रांत नुसता निरोपाचा नमस्कार आहे. माझ्यावर रागावली आहे का?

मामा

२१ फेब्रुवारी

प्रिय मामा,

घेतला. त्रेचाळीस इंची, कडा बारीक, पाय दोन. भिंतीत भोकं पाडली नाहीत, टेबलावरच ठेवला.

मी मुद्दाम आईला घेऊन गेले. तुझ्या सगळ्या सूचना कागदावर लिहून नेल्या होत्या, पण त्यांची गरजच पडली नाही. आईने पहिल्या टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाली, याला मध्ये डाग आहे. विक्रेत्याने दुसरा लावला. याच्याही मध्ये. तिसऱ्याची चौकट वाकडी. विक्रेता घामाघूम झाला. शेवटी आतून मालक आला आणि मला हळूच विचारतो, या बाई कंपनीच्या तपासनीस आहेत का? मी अभिमानाने सांगितलं, माझी आई रफू करते, हजार धाग्यांतला एक चुकलेला धागा तिला लांबून दिसतो. तो बिचारा हात जोडून उभा राहिला. अखेर एका टीव्हीपाशी ती पुष्कळ वेळ थांबली, मान इकडे तिकडे करून बघितलं, आणि म्हणाली, या पोपटाला निदान डोळा तरी आहे, हाच घेऊ.

मला स्वतःला त्या कुठल्याही टीव्हीत डाग दिसला नाही हे मी तिथे बोलले नाही. बोलून काय उपयोग? तुला माहीत आहे, आमच्या घरात आईचा डोळा म्हणजे शेवटचा शब्द. मी सरळ म्हटलेली शिवण ती वाकडी म्हणाली की उसवायची. आणि उसवल्यावर कळतं की ती खरंच वाकडी होती.

ती तुझ्यावर रागावलेली नाही. हातात काम फार आहे. मी ड्रायक्लीनिंगच्या काउंटरवरून रोज आठ-दहा फाटके कपडे घरी आणते, त्यात तिला मान वर करायला वेळ नसतो. पत्र लिहायला सांगितलं की म्हणते, तू लिहितेस ना, मग एका घरातून दोन शाया कशाला.

आता टीव्ही सांभाळायचा कसा ते लिही.

टिटवी

२७ फेब्रुवारी

टिटवे,

मालकाला घाम फुटला हे वाचून बरं वाटलं.

सांभाळणं सोपं आहे, माणसांना तेच जमत नाही. पडदा पुसायचा तो बंद करून, गार झाल्यावर, मऊ कोरड्या फडक्याने. बोटाने दाबायचं नाही. काच पुसायचं औषध, स्पिरिट, साबण, यांतलं काहीही लावायचं नाही. ही काच नाही, वर पातळ थर असतो, तो एकदा गेला की डाग कायमचा. उजेड निम्म्यावर ठेवा, भडक ठेवलात तर आतले दिवे लवकर थकतात. एकच चित्र तासन्‌तास गोठवून ठेवू नका. विजेचा झटका अडवणारी पट्टी लावा. हे सगळं केलंत तर टीव्ही दहा वर्षं तुम्हाला त्रास देणार नाही.

धाकटीला सांग, दोन शायांचा खर्च मी देईन.

मामा

११ मार्च

प्रिय मामा,

टीव्हीला डाग पडला.

अगदी तसाच, मध्यभागी. बाई पुन्हा बिननाकाची झाली. आई परवा शांतपणे म्हणाली, मी सांगत होते, हाही तसलाच निघाला. मी दिवसभर दुकानात असते, घरी येईपर्यंत अंधारलेलं असतं, मला तो नीट दिसत नाही. पण ती म्हणते तर असणारच. तू सांगितलेलं सगळं पाळलंय. कुणीही पडद्याला हात लावलेला नाही.

मी टीव्हीच्या दुकानात तक्रार नोंदवली. विक्रेता म्हणाला, हमी आहे, कंपनीचा माणूस येऊन बघेल, पण तो दोन एप्रिलशिवाय मोकळा नाही. मी भांडले. आईच म्हणाली, येईल तेव्हा येऊ दे, कशाला कुणाच्या मागे लागतेस. मामा, मी तिला इतकी समजूतदार कधी पाहिली नाही. एरवी दूधवाल्याला पाच मिनिटं उशीर झाला तर ती त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करते.

घरातलं वातावरण बरं नाही. ती फार बोलत नाही. मागच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक कोट परत घेऊन आलं. कोपरावरचा रफू तिरका गेलाय म्हणे. आयुष्यात पहिल्यांदा आईचं काम परत आलं. मी तिला सांगितलं नाही, शहरातल्या दुसऱ्या एका बाईंकडून गुपचूप उसवून करून घेतलं. डागाळलेल्या टीव्हीकडे बघून तिचे डोळे शिणत असतील का?

काय करू ते लगेच लिही.

टिटवी

१६ मार्च

टिटवे,

तीन आठवड्यांत पडद्याला डाग म्हणजे दुकानदाराने तुम्हाला आधीच बिघडलेला तुकडा गळ्यात मारला आहे, नाहीतर तू माझ्यापासून काही लपवते आहेस. दोन्हींपैकी काय ते सांग.

मधल्या काळात आपण आपली तपासणी करू. सोबत एक कागद पाठवतो आहे. नळीच्या टीव्हीचं चित्र सरळ करायला आम्ही अशी चौकड्यांची जाळी पडद्यावर लावायचो, उभ्या रेघा, आडव्या रेघा आणि मध्ये एक ठिपका. ही मी हाताने काढली आहे. तुझ्या त्या न उघडणाऱ्या मोबाईलने फोटो काढून टीव्हीवर लाव. तसं करता येतं म्हणे. मग तुम्ही दोघी आळीपाळीने बघा. एक डोळा मिटायचा, सुतार फळीची धार बघतो तसा, आणि नजर ठिपक्यावर ठेवायची. मग दुसरा डोळा मिटायचा. कुठल्या चौकड्या काळ्या, कुठल्या रेघा वाकड्या, ते मोजून लिही.

तुझी बडबड या वेळी नको आहे.

मामा

२२ मार्च

प्रिय मामा,

आधी कबुली. चोराच्या मनात चांदणं, म्हणून तुझं पत्र वाचून मला घाम फुटला. मार्चच्या पाचव्या तारखेला मी पडद्यावरचा बोटाचा ठसा काच पुसायच्या निळ्या औषधाने पुसला होता. तुझं पत्र त्याआधी आलेलं होतं, मी वाचलेलं होतं, तरी पुसला. मागच्या पत्रात हात लावला नाही असं लिहिलं ते खोटं होतं. डाग माझ्यामुळे पडला असणार. दोन आठवडे मला अन्न गोड लागत नाही. आईला सांगितलं नाही. तिला एवढंच माहीत आहे की टीव्ही सदोष निघाला.

आता तपासणी. जाळी टीव्हीवर लावली. आईने उजवा डोळा मिटला आणि म्हणाली, मध्यावरच्या सगळ्या रेघा आत ओढल्यासारख्या वाकल्यात, कापडात सुई अडकून धागा ओढला जावा तशा. मग डावा मिटला. तेव्हा म्हणाली, मध्ये काळं भोक, ठिपकाच नाही. मी दोन्ही डोळ्यांनी बघितलं. मला सगळ्या सरळ दिसल्या. पण माझी नजर ती काय, मी दोन आठवडे त्या डागाकडे बघायलाच घाबरते आहे.

मग आईने तुझा कागद हातात घेतला, खिडकीशी नेला, आणि हसली. म्हणाली, टीव्हीला कशाला बोल लावायचा, दादाच्या रेघाच वाकड्या आहेत, हात थरथरायला लागला त्याचा. नाचता येईना अंगण वाकडं, तशी तुझ्या मामाची तऱ्हा, त्याला सांग पुढच्या वेळी पट्टी घेऊन काढ. हे मी तिने सांगितलं तसं लिहिते आहे, रागावू नकोस.

आणि एक गंमत. तुझा जुना टीव्ही आमच्या दुकानातला इस्त्रीवाला घेऊन गेला होता. त्याच्याकडे तो झकास चालतो म्हणे, एकही डाग नाही. बघ, ज्याचं त्याचं नशीब.

कंपनीचा माणूस दोन तारखेला येतोय. त्याला मी निळ्या औषधाचं सांगू की नको?

टिटवी

२६ मार्च, दुपारी एक

टिटवे,

हे पत्र जलद डाकेने, दुकानाच्या पत्त्यावर, तुझ्या हातात पडेल असं पाठवतो आहे. उभ्याने वाच आणि वाचून झालं की घरी जा.

टीव्हीला काहीही झालेलं नाही. तुझ्या निळ्या औषधाने काहीही झालेलं नाही. धाकटीच्या डोळ्यांना झालं आहे.

माझा हात थरथरत नाही. ती जाळी मी स्टीलच्या पट्टीने काढली आहे. माझ्याच टेबलावर तिची जुळी पडली आहे, आता पुन्हा पट्टी लावून पाहिली. कागदावरची सरळ रेघ जिला वाकडी दिसते, तिला टीव्ही कशाला दाखवायचा? काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि वळसा मी घातला. सपाट पडद्यात प्रत्येक ठिपका जागच्या जागी बसवलेला असतो. तिथे रेघ काळी पडेल, नाहीशी होईल, पण वाकणार नाही. वाकणं हे नळीचं दुखणं. जन्मभर नळ्या दुरुस्त केलेल्या माणसाला कुणी रेघ वाकडी म्हटलं की तो यंत्र उघडायला धावतो, माणूस बघत नाही. तुझ्या प्रत्येक पत्रात सगळं लिहिलेलं होतं. तिने लिहिणं सोडलं, रफू तिरका गेला, जुना टीव्ही दुसऱ्याकडे बरा झाला. मला त्यात टीव्हीच दिसला.

आज बारा वाजता खालच्या औषधवाल्याच्या दुकानात गेलो. माझ्याकडे एकच नंबर आहे, तुमच्या घरचा. त्याने लावून दिला, पलीकडून उचलल्यावर बोट वर केलं, आणि मी बोललो. म्हटलं, मला ऐकू येत नाही, फक्त ऐक. रेघा वाकड्या दिसणं हे डोळ्याच्या आतलं दुखणं आहे, औषधवाला म्हणतो यात दिवस मोजायचे असतात, महिने नाही, आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. तीनदा म्हटलं. मग त्याने कागदावर लिहून दाखवलं, ‘बाई म्हणाल्या, हो, समजलं.’ मी विचारलं, कोणत्या बाई? त्याला काय ठाऊक. बारा वाजता तू दुकानात असतेस. तुमच्या दुकानाचा नंबर त्याने शोधून दिला, तो लागत नाही. म्हणून हे पत्र.

आता तुला एक सांगतो, ते तुझ्या आईलाही माहीत नाही. मी सगळ्यांना सांगतो की माझे कान वयाने गेले. डावा लहानपणी तापात गेला, ते खरं. उजवा नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी गेला. मला वाटलं, टीव्हीचा स्पीकर फाटला. स्पीकर बदलला. मग आतला भाग बदलला. मग दुसरा टीव्ही आणून उघडला. एक महिना मी स्पीकर बदलत होतो, टिटवे. डॉक्टरकडे गेलो तेव्हा त्याने विचारलं, पहिल्या आठवड्यात का आला नाहीत? लाजेने मी हे कुणाला सांगितलं नाही. कारागीर माणूस स्वतःचा कान सोडून सगळं उघडून बघतो, हे कुणाला सांगणार?

ती नाही म्हणेल. मीही म्हटलं असतं. तिचं ऐकू नकोस. आयुष्यात एकदा तिच्या डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस.

मामा

३० मार्च

मामा,

तुझं पत्र आज सकाळी अकराला काउंटरवर मिळालं. फोन मला आलेला नव्हता. आईने उचलला होता. चार दिवस झाले, ती मला एक अक्षर बोलली नाही.

मी मालकाला न विचारता निघाले. ती टेबलाशी बसली होती, पुढ्यात एक जाकीट, डोळे खिडकीकडे आणि बोटं फाटलेल्या जागेवर फिरत होती. ती बोटांनी काम करते आहे हे मला तेव्हा दिसलं. किती दिवस करत होती कोण जाणे. टीव्ही चालू होता आणि तिची पाठ त्याच्याकडे होती.

मी तुझा कागद तिच्यापुढे ठेवला आणि त्यावर आमच्या कापायच्या टेबलावरची लांब पट्टी ठेवली. म्हटलं, बोटाने बघ. तिने रेघेच्या कडेने पट्टीवरून बोट नेलं, परत आणलं. मग म्हणाली, “मला माहीत आहे गं.”

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. माहीत होतं तर दुकानात चाळीस टीव्ही का बघितलेस, कंपनीच्या माणसाची वाट का बघत बसलीस, मामाचा फोन का गिळलास. मला वाटलं रडेल, पण रडली नाही. जाकीट घडी करून ठेवलं, सुई गादीत खोचली, आणि म्हणाली, “टीव्ही बिघडला तर बदलून मिळतो. डोळा बदलून मिळतो की नाही हे मला कुणाला विचारायचं नव्हतं. म्हणून म्हटलं, टीव्हीच बिघडलेला असू दे.”

उजवा डोळा आठ महिन्यांपासून असा आहे, मामा. डाव्यावर ती चालवत होती. डावा जानेवारीत वाकायला लागला. तेव्हा तिने पहिल्यांदा तुझ्या टीव्हीला नावं ठेवली.

ती म्हणते, उद्या नको, दोन तारखेला टीव्हीचा माणूस येऊन जाऊ दे. अजूनही. मी तिचे जोडे दाराशी काढून ठेवलेत आणि घराची किल्ली माझ्या खिशात आहे. डोळ्यांच्या हॉस्पिटलात उद्या सकाळी आठला पहिला नंबर लावलाय. ती आत बसून तुझ्या कागदावर काहीतरी करते आहे, मला बघू देत नाही.

मला फार भीती वाटते आहे. रफूशिवाय आई म्हणजे कोण, हे मला माहीत नाही.

टिटवी

९ एप्रिल

टिटवे,

पत्र नाही. दोन ओळी लिही. एक लिही.

मामा

१७ एप्रिल

मामा,

उजवा गेला. आत जुना व्रण आहे, त्याचं काही होत नाही. डाव्यात आत पाझर ताजा होता. त्याच दिवशी डोळ्यात सुई दिली, आणखी द्याव्या लागतील. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन आठवडे उशीर केला असता तर दोन्ही सारखेच झाले असते. वाचेल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, आत्ताच सांगता येत नाही. म्हणून मी लिहिलं नव्हतं. अजूनही सांगता येत नाही.

टीव्हीचा माणूस आला होता. त्याने अर्धा तास तपासला आणि म्हणाला, टीव्ही उत्तम आहे, फक्त याला कुणीतरी काच पुसायच्या औषधाने पुसलंय, तसं करत जाऊ नका.

टिटवी

२४ मे

दादा,

ही शाई माझी आहे. ओळी उतरत्या जात असतील तर चालवून घे. एका डोळ्याने लिहिते आहे, आणि एका पानाला सकाळ गेली.

तुझा कागद परत पाठवते. त्यावर दोन दोरे आहेत. काळा मी हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी टाकला. उजवा डोळा मिटून, मधल्या दोन रेघांच्या बरोबर मधून, मला सरळ दिसेल असा. टाकून झाल्यावर मला तो अगदी सरळ दिसला. तू बघशील तेव्हा तो सापासारखा गेलेला असेल. त्या कोटाचा रफूही असाच गेला असणार. पोरीने ते माझ्यापासून लपवलं, पण ज्या बाईंकडून तिने तो दुरुस्त करून घेतला त्यांनीच मला येऊन सांगितलं, वाईट वाटून घेऊ नका म्हणून. चांगली बाई आहे. आता बारीक काम मी त्यांच्याकडे पाठवते. मोठी भोकं अजून मी घेते, आणि झालं की पोर त्यावर पट्टी ठेवते. मी कुरकुर करते, पण ठेवू देते.

तिसऱ्या सुईनंतर तांबडा दोरा टाकला. तोही मला सरळ दिसतो. खरंच आहे का, ते तू स्टीलची पट्टी लावून सांग. डॉक्टरीणबाई म्हणतात सुधारलंय, पोर म्हणते सुधारलंय, पण दोघी माझं मन राखत असतील. तू कधी कुणाचं मन राखलेलं मला आठवत नाही.

टीव्ही चांगला आहे. समोर नीट बसून बघते. बातम्यांतल्या बाईला नाक आहे. थोडं वाकडं आहे. मी पोरीला विचारलं, ती म्हणाली, आई, ते तिचंच तसं आहे.

तुझ्या कानाचं पोरीने मला वाचून दाखवलं. तू एक महिना स्पीकर बदललेस, मी तीन महिने टीव्ही बदलत होते. अंगण वाकडं नव्हतं, दादा. आपण दोघं एकाच आईची पोरं, दुसरं काय. आता तुझी पाळी. पोर म्हणते, हल्ली कानाची यंत्रं बरीच चांगली निघाली आहेत, आणि त्यांना स्क्रू असतात. ते तिने खोटं सांगितलं असेल. तरी जाऊन ये.

एक राहिलं. तू फोन केलास त्या दिवशी मी ‘हो, समजलं’ म्हटलं, तेवढंच त्या औषधवाल्याने तुला लिहून दाखवलं. त्याच्या आधी मी आणखी काही म्हटलं होतं. तू बोलतच होतास, तुला ऐकू येणार नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच म्हणता आलं. त्या माणसाने ते कागदावर उतरवलं नाही, भला असावा. आता मीच लिहिते. मी म्हटलं होतं, दादा, मला भीती वाटते, तू ये.

धाकटी